भाजी कोणत्या पाण्यावर पिकली?

पालेभाजी कच्ची खाण्याची रीत मराठी स्वयंपाकघरात फारशी नव्हती. मेथी, पालक, चुका, माठ, अळू या साऱ्यांना कढईतून गेल्यावरच पानात जागा मिळते. ठळक अपवाद कोथिंबिरीचा. पोहे असोत, आमटी असो वा मिसळ, गॅस बंद केल्यानंतर ती वरून पेरली जाते आणि कच्चीच पोटात जाते. तिच्या सोबतीला काकडीची कोशिंबीर, मुळ्याचा चटका, गाजर, कांद्याची पात, पुदिन्याची चटणी आहेतच. गेल्या दोन-तीन दशकांत यात सँडविचमधल्या लेट्यूसची आणि मोठ्या वाडग्यातल्या सॅलडची भर पडली. या कच्च्या भाजीबाबत शहरी ग्राहक भाव विचारतो, पानांचा ताजेपणा पाहतो. अलीकडे औषधफवारणीचीही चौकशी करू लागला आहे. मात्र ही भाजी कोणत्या पाण्यावर पिकली, हा प्रश्न मंडईत सहसा ऐकू येत नाही. आणि कोणी विचारलाच, तर गाळ्यावरच्या विक्रेत्याला त्याचे उत्तर क्वचितच ठाऊक असते.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, याचा धडा मराठी मुलखापासून फार दूर, दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या राजधानीने घालून दिला. १९७७ नंतरच्या काही वर्षांत सँटियागो शहरात विषमज्वराचे, म्हणजे टायफॉईडचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. वैद्यकशास्त्रापुढे हे कोडेच होते. विषमज्वर हा सामान्यतः दूषित पिण्याच्या पाण्याचा आजार. सँटियागोत मात्र बहुतेक घरांत क्लोरिन घातलेले नळाचे पाणी पोहोचले होते, मैलावाहिन्याही घरोघरी जोडल्या होत्या. तरीही दर उन्हाळ्यात साथ येई आणि गरीब वस्तीबरोबर सुखवस्तू घरांतही शिरे.

मैलावाहिन्या घरापासून जोडलेल्या होत्या, पण त्यांच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हते. शहराचे मैलापाणी प्रक्रियेविना मापोचो नदीत आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांत सोडले जात होते. सँटियागोचा उन्हाळा कोरडा असतो. त्या दिवसांत शहराच्या खालच्या अंगाची शेती याच पाण्यावर चाले आणि तिथली कोशिंबिरीची भाजी शहराच्या बाजारात येई. चिलीच्या जेवणातही कच्ची कोथिंबीर नेहमीची आहे, हे येथे नमूद करण्यासारखे. संशोधकांनी सिंचनाच्या पाटांत जाळीदार कापडाच्या घड्या टांगून ठेवल्या आणि काही दिवसांनी त्या तपासल्या, तेव्हा त्यांत विषमज्वराचे जिवाणू सापडले. १९८४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजारी माणसाच्या शौचातून नदीत, नदीतून पाटात, पाटातून पानावर आणि पानावरून निरोगी माणसाच्या ताटात, असा तो फेरा होता.

निष्कर्ष हाती आल्यावरही अनेक वर्षे पाट तसेच वाहत राहिले. त्या काळात लाखो शाळकरी मुलांना विषमज्वराची लस देण्याचे प्रयोग झाले आणि आजार काहीसा उतरलाही. निर्णायक पाऊल मात्र दुसऱ्याच रोगाच्या भीतीने उचलले गेले. १९९१ च्या जानेवारीत शेजारच्या पेरूमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ उसळली आणि काही महिन्यांत ती चिलीत पोहोचली. चिली सरकारने मैलापाण्यावर कच्च्या खाण्याच्या भाज्या पिकवण्यास बंदी घातली, उभी पिके नष्ट केली, उपाहारगृहांत कच्ची भाजी वाढणेही थांबवले. त्या वर्षी चिलीत कॉलऱ्याचे अवघे ४१ रुग्ण नोंदले गेले. त्याच्या जोडीने, ज्यासाठी ही बंदी नव्हतीच, तो विषमज्वरही झपाट्याने ओसरला आणि पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेला नाही. सँटियागोचा ला फार्फाना हा मोठा मैलाशुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला तो २००३ मध्ये, म्हणजे एका तपानंतर. नळाचे पाणी तेच, स्वयंपाकघरे तीच. बदलले होते फक्त भाजीचे पाणी. शेतकऱ्यांच्या उभ्या पिकांवर नांगर फिरला, ही या यशाची दुसरी बाजू विसरता येत नाही.

पाण्यातला जिवाणू पानावर टिकतो कसा? पान वरून गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते खाचखळग्यांनी भरलेले असते. पर्णरंध्रे, शिरांच्या बाजूच्या घड्या, कापलेले देठ या जागांत जिवाणू शिरून चिकट थर धरून बसतात. पालकाच्या सुरकुत्या आणि कोथिंबिरीची बारीक कात्रणे अशा मुक्कामाला फार सोयीची. त्यातही या दोन्ही भाज्या जमिनीलगत वाढतात. आपल्याकडे कोथिंबीर आणि मेथी सपाट वाफ्यात दाट पेरतात आणि वाफा पाण्याने भरून घेतात. त्यामुळे पाणी केवळ मुळांना न लागता पानांनाही लागते, चिखलाचे शिंतोडे उडतात ते वेगळेच. तुषार सिंचनात तर पाणी थेट पानावरच पडते. याउलट बांबूच्या आधाराने उंच बांधलेला आणि ठिबकवर वाढवलेला टोमॅटो त्याच पाण्यावर असूनही कितीतरी सुरक्षित राहतो. म्हणजे पाण्याइतकेच ते दिले कसे, यालाही महत्त्व आहे.

जिवाणू उन्हात मरतात, जंतांची अंडी मात्र चिवट असतात. गोल कृमीची अंडी ओलसर जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात. फीतकृमीची गोष्ट तर शहरी घरांत अर्धवट स्वरूपात सर्वांनी ऐकलेली असते: कोबीतला किडा मेंदूत जातो! कोबी-फ्लॉवरमध्ये दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही. ती दिसायला किळसवाणी असली तरी या बाबतीत निरुपद्रवी आहे. धोका असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा. डुकराच्या मांसातून होणाऱ्या फीतकृमीची लागण झालेल्या माणसाच्या शौचातून ही अंडी बाहेर पडतात आणि मैलापाण्यातून भाजीवर येतात. पोटात गेल्यावर त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतात, तेथे त्यांच्या गाठी बनतात आणि रुग्णाला फेफऱ्याचे झटके येऊ लागतात. आयुष्यात मांसाला स्पर्श न केलेल्या माणसालाही हा आजार होतो, तो या मार्गाने. दोष कोबीचा नव्हे, तिच्यापर्यंत पोहोचलेल्या मैल्याचा.

हा मैला भारतात किती प्रमाणात मोकळा वाहतो, याचा अंदाज केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालावरून येतो. देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि त्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे दर शंभर लिटरमागे सुमारे अठ्ठावीस. उरलेले बहात्तर लिटर नाला, ओढा, नदी या वाटेने निघून जाते. आणि नदीच्या खालच्या अंगाला शेती असते.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. खडकवासल्याचे पाणी शहर पिते, वापरते आणि मुळा-मुठेत सोडते. नदी पुढे मुंढवा, मांजरी, थेऊर अशी भीमेकडे जाते आणि तिच्या काठचा पट्टा शहराला भाजी पुरवतो. खडकवासल्याचे कालवे मुळात याच मुलखाच्या सिंचनासाठी एकोणिसाव्या शतकात काढलेले. शहर वाढत गेले तसे धरणातले शेतीचे पाणी शहराने घेतले आणि त्या बदल्यात प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला परत द्यावे, असे ठरले. मुंढव्याच्या जॅकवेलमधून हे पाणी उचलून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘बेबी कालव्या’त सोडण्याची योजना त्यातूनच आली. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी असे परत द्यायचे होते. कल्पना म्हणून यात खोट काढण्यासारखे काही नाही. दुष्काळी प्रदेशात पाणी दोनदा वापरणे शहाणपणाचेच. प्रश्न ‘प्रक्रिया केलेले’ या दोन शब्दांचा आहे. शहराचे सगळे मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पांपर्यंत पोहोचत नव्हते. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाह्याने अकरा नवे प्रकल्प उभारण्याची योजना २०१६ च्या सुमारास मंजूर झाली, पण प्रत्यक्ष कामाला अनेक वर्षांचा विलंब झाला. तोवर नदीकाठच्या मोटारपंपांना जे मिळाले, ते त्यांनी उपसले.

मुंबईत चित्र आणखी उघडे आहे. ‘ग्रो मोअर फूड’ या योजनेखाली रेल्वेने रुळांलगतची मोकळी जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी भाडेपट्ट्याने दिली. अनेक दशके लोकलच्या खिडकीतून पालक, लाल माठ, अळू, भेंडीचे हिरवे वाफे दिसत आले आणि त्यांच्या शेजारून वाहणारा काळा नालाही. वाफ्याला पाणी कोठून येते, हे कळण्यासाठी प्रवाशाला कोणत्याही अहवालाची गरज नव्हती.

अशा शेतकऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. सांडपाणी बारमाही असते. पावसाळा लांबला, विहीर आटली तरी नाला आटत नाही. त्यात नत्र आणि स्फुरद असल्याने खताचा खर्च वाचतो. पालक महिनाभरात कापणीला येतो, मंडई जवळ असते आणि रोख पैसा हाती पडतो. शिवाय या पाण्याचा पहिला उपद्रव त्यालाच होतो. गुडघाभर चिखलात अनवाणी खुरपणी करणाऱ्या बाया आणि माणसे अंकुशकृमी, त्वचारोग आणि जुलाब यांना शहरी ग्राहकाच्या आधी सामोरी जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, शहरांच्या खालच्या अंगाला सांडपाण्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेली सिंचित शेती सुमारे ३.५९ कोटी हेक्टर आहे आणि तीपैकी २.९३ कोटी हेक्टर शेती मैलापाण्यावर फारशी प्रक्रिया न करणाऱ्या देशांत आहे. हा काही एका नाल्याचा किंवा चार लबाड माणसांचा प्रश्न नव्हे.

प्रक्रिया केलेले पाणी सुरक्षित असते काय, हा पुढचा प्रश्न. कच्च्या मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जिवाणू दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत असू शकतात. नेहमीच्या प्रकल्पात हवा खेळवून आणि गाळ बसवून जी प्रक्रिया होते, ती मुख्यतः पाण्यातला सेंद्रिय घाण भार कमी करण्यासाठी. तिने नव्वद ते नव्व्याण्णव टक्के जिवाणू जातात. ऐकायला हे उत्तम. पण एक कोटीतून नव्व्याण्णव टक्के वजा केले तरी एक लाख उरतात. पाणी निवळशंख दिसते, वास येत नाही, आणि क्लोरिन किंवा अतिनील किरणांचा शेवटचा टप्पा गाळला असेल तर कोथिंबिरीसाठी ते तरीही धोक्याचे असते. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मैलाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे एक हजारापेक्षा कमी असावेत, अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती आणखी कडक करण्यास सांगितले. ठिबकच्या निमित्ताने मराठी शेतकऱ्याला परिचित झालेला इस्राएल आपले बहुतेक सांडपाणी शेतीत वापरतो, पण तेल अवीव परिसराचे पाणी प्रक्रियेनंतर वाळूच्या थरांतून जमिनीत मुरवून, मग पुन्हा उपसून नेगेव्हच्या शेतांकडे पाठवतो. त्यालाही आधी ठेच लागली होती: १९७० मध्ये जेरुसलेममध्ये कॉलऱ्याची साथ पसरली, ती मैलापाण्यावर चोरून पिकवलेल्या भाज्यांतून. आपल्याकडे इस्राएलच्या नळ्या आल्या. त्या नळ्यांत कोणते पाणी सोडावे याचा विचार मागे राहिला.

सारा धोका माणसाच्या मैल्यातूनच येतो, असेही नाही. २०१८ च्या वसंत ऋतूत अमेरिकेत रोमेन जातीच्या लेट्यूसमधून ई. कोलायच्या घातक प्रकाराची साथ आली. ३६ राज्यांत २१० जण आजारी पडले, पाच दगावले. माग काढता काढता अधिकारी ॲरिझोनातील युमा भागात पोहोचले आणि तेथील सिंचन कालव्याच्या पाण्यात रुग्णांच्या शरीरातलाच जनुकीय प्रकार त्यांना सापडला. त्या कालव्याच्या लगत एक लाखाहून अधिक गुरे राहू शकतील असा प्रचंड गोठा होता. गोठ्यातला प्रकार कालव्यात नेमका कसा गेला, हे मात्र शेवटपर्यंत निश्चित झाले नाही. या घटनेनंतर तेथील नियमांचाही फेरविचार झाला. आधीचे नियम पाण्याच्या ठरावीक चाचण्यांवर आणि आकड्यांवर उभे होते. मे २०२४ मध्ये आलेल्या नियमांनी तो भर बदलून, कापणीपूर्वी दिल्या जाणाऱ्या पाण्याचा उगम, आजूबाजूची गुरे, सिंचनाची पद्धत आणि पीक या सर्वांची दरवर्षी पाहणी करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. कालव्याचे पाणी तासातासाला बदलते. वर्षातून चार बाटल्या भरून त्याचे चारित्र्य ठरत नाही, हा त्यामागचा अनुभव.

भारतात स्थिती अशी, की त्या चार बाटल्यांचीही सक्ती नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग पाडले आहेत. पिण्याच्या आणि स्नानाच्या वर्गांना कोलिफॉर्मची मर्यादा आहे; स्नानासाठी ती १०० मिलिलिटरमागे ५०० आहे. सिंचनाच्या ‘ई’ वर्गासाठी सामू, विद्युतवाहकता, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन एवढेच निकष दिलेले आहेत. जिवाणूंचा उल्लेखच नाही. शेतकरी प्रयोगशाळेतून पाणी तपासून आणतो त्या अहवालातही क्षार, क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांचे रकाने असतात. थोडक्यात, पाण्याने जमीन बिघडेल काय, पीक जळेल काय, याची काळजी व्यवस्थेने घेतली आहे. ते पीक खाणाऱ्याचे काय, हा रकाना कोरा आहे. ज्या पाण्यात अंघोळ करू नये असे नियम सांगतो, त्याच पाण्यात वाढलेली कोथिंबीर खाण्यास तो हरकत घेत नाही, हा विरोधाभास इतकी वर्षे कोणाला खटकू नये, याचे आश्चर्य वाटते.

सर्व पाणी पिण्याच्या दर्जाचे करा, असा आग्रह जागतिक आरोग्य संघटनाही धरत नाही. १९८९ मध्ये तिने कच्च्या खाण्याच्या पिकांसाठी १०० मिलिलिटरमागे एक हजार मैलाजन्य कोलिफॉर्म आणि लिटरमागे जंताचे एक अंडे अशी मर्यादा सुचवली होती. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिने दृष्टिकोन बदलला आणि शेतापासून ताटापर्यंत अडथळ्यांची मालिका उभी करण्यास सांगितले. जमिनीलगतच्या पिकाला ठिबक दिले तर जंतूंचा भार शंभरपटीने, उंच पिकाला दिले तर दहा हजारपटीने घटतो. शेवटचे पाणी आणि कापणी यांत अंतर ठेवले तर ऊन आणि वारा दर दिवशी काही भार कमी करतात. हा शेवटचा उपाय बिनखर्ची असला तरी अवघड आहे. पालक मलूल पडू नये, जुडीला वजन यावे म्हणून आदल्या संध्याकाळीच वाफा भरण्याची शेतकऱ्याची सवय बाजारानेच लावलेली आहे. पीक बदलणे हा दुसरा मार्ग. त्याच पाण्यावर ऊस, चारा किंवा फुले घेतली तर ग्राहकाच्या पोटाला तो धोका उरत नाही आणि पाणीही वाया जात नाही. मात्र शेतात राबणाऱ्याच्या पायांत गमबूट हवेतच.

शेतातून निघाल्यावरही पाणी भाजीची पाठ सोडत नाही. गाजर, मुळा, बीट यांची माती धुण्यासाठी बाजारात नेण्यापूर्वी त्यांना ओढ्यात किंवा पाटात बुडवतात. जुड्या टवटवीत राहाव्यात म्हणून विक्रेता दिवसभर डब्यातले पाणी शिंपडत राहतो. विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर पिकलेली भाजी या शेवटच्या टप्प्यावर दूषित होऊ शकते. महापालिकांनी मंडयांमध्ये भाजीसाठी पिण्याच्या पाण्याचा नळ दिला, तर या टप्प्यावरचा धोका तुलनेने थोड्या खर्चात कमी होईल.

कारखान्यांचे पाणी नाल्यात मिसळत असेल, तर शिसे आणि कॅडमियम यांसारख्या धातूंचा प्रश्न वेगळाच. पालकासारखी पालेभाजी कॅडमियम मुळांवाटे आत ओढून घेते. तो धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. त्यावर घरात उपाय नाही. औद्योगिक सांडपाणी नाल्यात येण्यापूर्वीच रोखणे, एवढाच मार्ग उरतो.

जंतूंच्या बाबतीत घरात काही करता येते, पण त्याची मर्यादाही ठाऊक असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे स्वच्छ पाण्याने धुतल्यावर जंतूंचा भार एक दशांश होतो. सौम्य जंतुनाशकात बुडवून पुन्हा धुतला तर एक शतांश. भार मुळात लाखाचा असेल तर उरलेले हजारसुद्धा कमी नाहीत. मिठाच्या पाण्याने माती आणि अळ्या निघतात, जिवाणूंवर मात्र त्याचा भरवसा नाही. साबण किंवा भांड्याची पावडर भाजीला लावू नये. जुडी बांधलेलीच नळाखाली धरण्यापेक्षा ती सोडून, मुळे कापून, दोन-तीन पाण्यांत खळबळून घ्यावी. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये ५० पीपीएम क्लोरिनच्या पाण्यात भाजी बुडवण्याचा सल्ला दिला होता. तसे केल्यास शेवटी पिण्याच्या पाण्याने ती पुन्हा धुवावी लागते. शिजवण्याने होणारी घट मात्र दहा लाखपट किंवा त्याहूनही अधिक असते. घरात लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल आणि भाजी कोठून आली हे ठाऊक नसेल, तर कोथिंबीर आमटी उतरवल्यावर न घालता शेवटच्या उकळीआधी घालावी. रंग थोडा उतरतो, स्वाद बराचसा राहतो.